दिव्याखालचा अंधार : आपल्या आवारातील सेवा-कर्मचाऱ्यांची सुरक्षितता

सिल्वासा येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या कोणालाही 'कामावर झालेला अपघात' हा विषय नवा नाही. 2 ऑगस्ट 1954 रोजी पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झालेला दमणगंगेच्या काठचा हा वनप्रदेश पुढील काळात करसवलतींमुळे कारखानदारीचे केंद्र बनला. यंत्रात सापडलेली बोटे, भाजलेले हात, उंचावरून पडून मोडलेली हाडे हे आपल्या अपघात विभागाचे नित्याचे चित्र आहे. यंत्राला जाळी हवी, कामगाराच्या डोक्यावर शिरस्त्राण हवे, असा सल्ला आपण कारखान्यांच्या व्यवस्थापकांना वेळोवेळी देत असतो.

परंतु ज्या इमारतीत बसून आपण हा सल्ला देतो, तिच्या आवारात राबणाऱ्यांचे काय? रुग्णालय असो, महाविद्यालय असो वा शाळा, तेथील दिवस सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया, धोबी, स्वयंपाकी, माळी, वायरमन, प्लंबर आणि सुरक्षारक्षक यांच्या हातांनी सुरू होतो व त्यांच्याच हातांनी संपतो. आपण त्यांना मोठ्या आपुलकीने 'मावशी' आणि 'मामा' म्हणतो. त्यांच्या इजांची नोंद मात्र बहुधा कोठेच होत नाही. जखमेवर पट्टी बांधली जाते, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते आणि प्रकरण तेथेच मिटते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

आपल्या गावाचे वैद्यकीय विश्व आता विस्तारले आहे. श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलच्या जोडीला 2019 पासून नमो वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. 2023 मध्ये त्याच्या नव्या संकुलाचे उद्घाटन झाले. खाजगी रुग्णालये, शाळा आणि गृहसंकुलेही वाढली. आवारे मोठी झाली, तशी ती सांभाळणाऱ्यांची संख्याही वाढली. म्हणूनच या विषयाचा विचार आपल्या स्मरणिकेत होणे उचित ठरेल.

एका वैद्याने विचारलेला प्रश्न

व्यवसायजन्य रोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याला या शास्त्राची प्रेरणा कोठे मिळाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मोडेना शहरात त्याच्या स्वतःच्या घराचा मैलाखड्डा उपसला जात होता. एक कामगार जिवाच्या आकांताने, घाईघाईने उपसा करीत होता. 'इतकी घाई का?' असे रामाझिनीने विचारले. चार तासांहून अधिक काळ येथे राहिलो तर दृष्टी जाईल, असा अर्थाचे उत्तर त्या कामगाराने दिले. रामाझिनीने त्याचे डोळे तपासले. ते लालभडक झाले होते. पुढे त्याने चौकशी केली, तेव्हा हेच काम केलेले अनेक अर्धांध भिकारी त्याला शहरात आढळले. आज आपण जाणतो की हा हायड्रोजन सल्फाइड वायूचा परिणाम होता.

सन 1700 मध्ये रामाझिनीने कष्टकऱ्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हिपोक्रेटिसने रुग्णाला विचारावयास सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असे त्याने त्यात सुचविले : 'तुम्ही काम कोणते करता?' हा प्रश्न कारखान्यात सुचलेला नाही; एका वैद्याच्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या सेवेतील माणसाकडे पाहताना सुचलेला आहे. आपल्या विषयाचे मूळ इतके जवळचे आहे.

मराठी मुलखातही या विचाराची परंपरा जुनी आहे. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. आठवड्याची सुट्टी ही त्यातील मागणी सर्वांना माहीत आहे. ती 1890 मध्ये मान्य झाली. परंतु त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात झाला तो 1923 साली, म्हणजे तब्बल 39 वर्षांनी. स्वतः लोखंडे 1897 च्या प्लेगच्या साथीत मरण पावले.

इजा एकाची, कारण दुसऱ्याचे

आवारातील इजांचा थोडा बारकाईने विचार केला, तर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला इजा होते तो आणि ज्याच्या हातून तिचे कारण घडते तो, या बहुधा दोन भिन्न व्यक्ती असतात. काही उदाहरणे घेऊ.

*सुई.* रुग्णाला इंजेक्शन देऊन झाल्यावर सुई चादरीत राहते किंवा साध्या कचऱ्याच्या पिशवीत पडते. ती टोचते धुलाईघरातील कामगाराला किंवा पिशवी उचलणाऱ्या मावशीला. बाधित रक्ताच्या सुईपासून लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका 6 ते 30 टक्के, तर एचआयव्हीचा सुमारे 0.3 टक्के मानला जातो. म्हणजे आपण ज्या रोगाची अधिक धास्ती घेतो, त्याहून दुसराच रोग येथे कितीतरी पटींनी जवळ उभा असतो आणि त्यावर लस उपलब्ध आहे. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे, कामावर घेताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी व प्रशिक्षण देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातच गेल्या पाहिजेत. तो डबा खोलीच्या कोपऱ्यात न ठेवता सुई वापरणाऱ्याच्या हाताशी ठेवला, तर अर्धे काम होते.

*पाठ.* वॉर्डबॉयची कंबर 'धरली' की आपण मलम व वेदनाशामक गोळ्या लिहून देतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार, अगदी आदर्श परिस्थितीतही एका व्यक्तीने उचलावयाच्या वजनाची मर्यादा 23 किलो आहे. रुग्ण काही पेटीसारखा नसतो. तो कलंडतो, घाबरून धरतो, मध्येच हालचाल करतो. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर 50 किलोंहून अधिक वजनाचा असतो. तरीही 'जरा चटकन सरकव रे' ही आज्ञा बहुधा एकाच माणसाला केली जाते. सरकपट्टी, नीट चालणाऱ्या चाकांची ट्रॉली आणि 'दोघांशिवाय रुग्ण उचलायचा नाही' हा साधा नियम यांचा खर्च एका मणक्याच्या शस्त्रक्रियेपुढे नगण्य आहे.

*रसायने.* स्वच्छतागृहासाठीचे ॲसिड आणि फरशीसाठीचे हायपोक्लोराइट ही दोन्ही द्रव्ये आपल्या भांडारात शेजारी शेजारी असतात. डाग लवकर निघावा म्हणून ती एकत्र ओतली की क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात काही क्षणांतच श्वास कोंडतो. मोठ्या कॅनमधील द्रव शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय त्याहून घातक. बाटलीवर चिठ्ठी नसते, आणि असली तरी ती वाचता येईलच असे नाही. म्हणून रंगाने ओळखू येणारी निराळी भांडी आणि ही दोन द्रव्ये एकत्र न करण्याची तोंडी, वारंवार दिलेली ताकीद आवश्यक आहे.

*टाकी.* रामाझिनीचा कामगार आजही आपल्यात आहे. मैलाटाकी तुंबली की कोणीतरी दोन माणसे बोलावून आणतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे 'वास गेला, आता उतरायला हरकत नाही' हा समज प्राणघातक ठरतो. पहिला कोसळतो, त्याला काढण्यास दुसरा उतरतो व तोही परतत नाही. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशा टाकीत माणूस उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. भरपाईचा आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा उपसा करणाऱ्या यंत्रगाडीचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयात लावून ठेवणे श्रेयस्कर.

*चुंबक.* एमआरआय यंत्र तपासणी सुरू नसतानाही चुंबकच असते, हे आपण जाणतो. रात्री फरशी पुसणाऱ्याला ते कोणी सांगितलेले असते का? नोव्हेंबर 2014 मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका नामांकित कर्करोग केंद्रात ऑक्सिजन सिलिंडर यंत्राकडे खेचला जाऊन एक मदतनीस व एक तंत्रज्ञ सुमारे चार तास यंत्राला जखडले गेले. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात अशाच प्रकारे एका रुग्णाच्या नातेवाइकाला प्राण गमवावे लागले. जेथे जेथे असे यंत्र आहे, तेथे बादली, स्टूल, चाकाची खुर्ची व सिलिंडर घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला पाहिजे.

*पावसाळा.* आपल्या भागात जून ते सप्टेंबर हे महिने आवारातील कर्मचाऱ्यांची खरी परीक्षा पाहतात. ओल्या फरशीवरून घसरणे, भिंतीतील ओलीमुळे विजेचा धक्का बसणे हे तर आहेच. दक्षिण गुजरातमध्ये, विशेषतः वलसाड, नवसारी व सुरत जिल्ह्यांत, लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळ्याचा ठरलेला पाहुणा आहे आणि आपली सीमा त्याला अडवीत नाही. साचलेल्या पाण्यात गवत कापणारा माळी व गटार मोकळे करणारा कामगार यांच्या भेगाळलेल्या पायांतून जंतू शरीरात शिरतो. गमबूट व पायांची निगा हा येथे औषधोपचाराइतकाच महत्त्वाचा भाग आहे. अतिजोखमीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिन द्यावे की नाही, याचा निर्णय आपण वैद्यकीय दृष्टीने वेळीच घ्यावयास हवा.

याच दिवसांत नाग, मण्यार, घोणस व फुरसे बाहेर पडतात. मण्यारीचा दंश बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री होतो आणि तो दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. रात्रपाळीच्या रक्षकाला विश्रांतीसाठी खाट, नीट खोचलेली मच्छरदाणी व चांगला टॉर्च देणे हा या दंशावरील सर्वांत स्वस्त प्रतिबंध होय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करून कोकणातील असंख्य प्राण वाचविले. त्यांच्या कार्याची बैठक एकच होती : आपल्याच परिसरातील कष्टकरी कशाने मरतो, याकडे बारकाईने पाहणे.

'निष्काळजीपणा' हे निदान नव्हे

अपघात झाला की आपण सहज म्हणतो, 'लक्ष नव्हते त्याचे.' वैद्यकीय भाषेत बोलावयाचे तर हे लक्षण झाले, निदान नव्हे. वरील प्रत्येक उदाहरणात सुई टाकणारा, एकट्याला रुग्ण उचलावयास लावणारा, चिठ्ठीविना बाटली भरणारा, यंत्राऐवजी माणूस उतरविणारा आणि रक्षकाला खाट न देणारा कोणी दुसराच आहे. अनेकदा ते आपण स्वतः किंवा आपले व्यवस्थापन असते.

सुरक्षाशास्त्राने उपायांची एक उतरंड सांगितली आहे. शक्य असल्यास धोका मुळातच नाहीसा करावा; तो शक्य नसेल तर कमी धोक्याचा पर्याय आणावा; नंतर यंत्ररचनेत वा जागेत बदल करावा; त्यानंतर कामाची पद्धत व प्रशिक्षण; आणि सर्वांत शेवटी हातमोजे, गमबूट, मास्क. आपण बहुधा ही उतरंड उलटी चढतो. हातमोज्यांचा एक जोड हाती देऊन जबाबदारी संपली असे मानतो. मग हातमोजा फाटका निघाला, मापाचा नसला किंवा उकाड्यात काढून ठेवला की दोष कामगाराला. हातमोजे हवेतच, पण ते शेवटचे कवच आहे.

प्रशिक्षणाच्या बाबतीत आपल्या गावाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागेल. आपल्या आवारांत खानवेल, दुधनी परिसरातील वारली व कोकणा बंधू-भगिनी आहेत, शेजारच्या पालघर जिल्ह्यातील लोक आहेत, तसेच उत्तर प्रदेश, बिहार व ओडिशातून आलेले स्थलांतरित आहेत. इंग्रजी फलक लावून या सर्वांना शिकविता येणार नाही. वारली वा कोकणा बोलणाऱ्याला त्याच्या बोलीत, ओडिया भाषकाला त्याच्या ओळखीच्या हिंदीत आणि दोघांनाही प्रत्यक्ष करून दाखविले, तरच ते शिक्षण उतरते. बोली येणारी एखादी अनुभवी मावशी येथे व्याख्यात्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

कायदा आणि ठेकेदार

यांतील बहुसंख्य कर्मचारी आज ठेकेदारामार्फत येतात. इजा झाली की रुग्णालय ठेकेदाराकडे बोट दाखविते, ठेकेदार 'तो कालच लागला' असे म्हणतो, आणि तक्रार केली तर उद्या कामावर घेतले जाणार नाही या भीतीने कर्मचारी गप्प राहतो. कायद्याची भूमिका मात्र स्पष्ट आहे. 1923 च्या कायद्यापासूनच ठेकेदाराच्या कामगाराच्या नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याच्याकडे काम चालते त्या मुख्य नियोक्त्यावरही टाकलेली आहे.

कारखाने कायदा, 1948 प्रामुख्याने कारखान्यांपुरता होता. रुग्णालये व शिक्षणसंस्था त्याच्या कक्षेबाहेर राहत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता 10 वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. नियुक्तिपत्र देणे व ठरावीक वर्गातील कामगारांची विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणी करणे या गोष्टी तिच्यात आहेत. राज्य विमा योजनेत समाविष्ट कर्मचाऱ्याला कामावरील इजेमुळे तात्पुरती असमर्थता आल्यास वेतनाच्या 90 टक्के लाभ मिळू शकतो; परंतु अपघाताची नोंदच नसेल तर हक्क सिद्ध कसा व्हावा? आपण लिहिलेले केसपेपर येथे औषधापेक्षा मोलाचे ठरतात.

मार्च 2020 मध्ये कोविडकाळात केंद्र शासनाने आरोग्यसेवकांसाठी 50 लाख रुपयांचे विमाकवच जाहीर केले, तेव्हा त्यात डॉक्टर व परिचारिकांबरोबर सफाई कामगार, वॉर्डबॉय आणि ठेक्यावरील कर्मचारीही होते. संकटकाळी जी गणना आपण मान्य केली, ती नित्याच्या दिवसांतही टिकवावयास हवी.

आपण काय करू शकतो?

मोठा निधी वा समिती यांची वाट न पाहता प्रत्येक डॉक्टरने आपापल्या आवारात पुढील गोष्टी सुरू कराव्यात, असे सुचवावेसे वाटते.

1. आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाची, ठेकेदाराच्या माणसांसह, एक यादी करावी. यादीत नाव नसलेल्याची काळजी घेतली जात नाही.

2. प्रत्येकाला हिपॅटायटिस बी लसीच्या 0, 1 व 6 महिन्यांच्या तीन मात्रा द्याव्यात. रक्त व सुयांशी संबंध येणाऱ्यांची प्रतिपिंड तपासणी शेवटच्या मात्रेनंतर 1 ते 2 महिन्यांनी करावी.

3. सुई टोचल्यास काय करावे, हे चित्ररूपाने धुलाईघरात व कचराखोलीत लावावे : जखम पिळू नये, साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, तत्काळ कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो 2 तासांत, कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत सुरू होऊन 28 दिवस चालले पाहिजे. रात्री 2 वाजता ते कोठे मिळेल, हे रात्रपाळीच्या मावशीला ठाऊक असावे.

4. इजांची एक साधी वही ठेवावी. तीत केवळ झालेल्या इजाच नव्हे, तर थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहावेत. नोंद करणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे प्रमुखाने स्वतः सर्वांसमक्ष सांगावे.

5. महिन्यातून एकदा अर्धा तास प्रमुख डॉक्टरने आवारातून फेरी मारावी. सोबत व्यवस्थापकाऐवजी सफाई कामगार, माळी व रक्षक यांना घ्यावे आणि धोका कोठे वाटतो, हे त्यांनाच विचारावे.

6. मैलाटाकीत माणूस न उतरविण्याचा आणि दोघांशिवाय रुग्ण न उचलण्याचा नियम लेखी करून ठेकेदाराच्या करारात घालावा.

7. 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन कारखान्यांत साजरा होतो. तो आपल्या रुग्णालयांत व शाळांतही पाळावा. मार्गदर्शनासाठी अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आपल्याला दूर नाही.

जून 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळ हे कामाच्या ठिकाणच्या मूलभूत तत्त्वांमध्ये व हक्कांमध्ये समाविष्ट केले. हा हक्क कागदावरून आवारात आणण्यास आपल्याइतके समर्थ कोणी नाही. कारण धोका कोणता, रोग कोणता आणि प्रतिबंध कोणता, ही तिन्ही उत्तरे आपल्याजवळ आहेत. शिवाय बऱ्याच ठिकाणी निर्णयाची लेखणीही आपल्याच हाती आहे.

वाचकांपैकी जे डॉक्टर नाहीत, त्यांच्यासाठीही यात एक विनंती आहे. आपल्या गृहसंकुलाची टाकी कोण उपसतो, जिन्याचे दिवे कोण बदलतो, रात्रीचा रक्षक कोठे झोपतो, याची एकदा चौकशी करावी. उत्तर ऐकून अस्वस्थ वाटले, तर पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय जरूर घालावा.

रुग्ण आपल्याकडे विश्वासाने येतो, तसाच तो कर्मचारीही पहाटे आपल्या फाटकातून विश्वासाने आत येतो. सायंकाळी तो धडधाकट घरी परतावा, एवढी काळजी वाहणे हेही आपल्या व्रताचेच अंग आहे. येत्या वर्षी आपल्या संस्थेच्या सभासदांच्या प्रत्येक आवारात लसीकरणाची यादी पूर्ण व्हावी आणि इजांची वही उघडली जावी, ही मनःपूर्वक अपेक्षा.